खिडकीबाहेरचा शेजार

वृषालीशी माझं कधी पटलं नाही. आजही पटत नाही. तिच्यावर लिहायला बसलोय म्हणजे आता तिचं कौतुक ऐकावं लागणार, असा कुणी समज करून घेऊ नये. एखादं माणूस डोक्यातून जात नाही, तेव्हा त्याला कागदावर काढून टाकावं लागतं, एवढंच.

नारायणगावात खताच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरांचे काढू लागलो. ऑफिसची अर्धी खोली मोकळी होती, ती तिने मागितली. आली ती कॉम्प्युटरचं एक धूड घेऊनच. त्याचा पंखा असा घोंघावायचा की फोनवर बोलायला मला बाहेर गॅलरीत जावं लागे.

"याचा आवाज कमी करता येत नाही का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुमचा करता येतो का?" ती म्हणाली.

तिथून जे सुरू झालं ते चालूच आहे. ती निमगाव सावाची, शेतकऱ्याची पोर. अंगाने हडकुळी, कपाळावर कायमची आठी. चहा विचारला तर "नको", जेवलीस का विचारलं तर "तुम्हाला काय करायचंय". काम मात्र करायची. मान मोडेस्तोवर करायची, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

तिचं काम असं. मी कागदावर घर काढायचो, ते ती एका सॉफ्टवेअरमध्ये उभं करायची, भिंती, जिने, खिडक्या, सगळं. ते झालं की ते मॉडेल तिथून काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं. याला ती एक्सपोर्ट म्हणायची. त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऊन पडतं, झाडं हलतात, आणि गिऱ्हाइकाने माऊस हातात घेतला की तो न बांधलेल्या घरात हिंडू लागतो. ऐकायला सोपं वाटतं, पण मोठं कपाट अरुंद दारातून बाहेर काढताना जी तारांबळ उडते तीच इथे. भिंतीची आतली बाजू चुकून बाहेर गेली की पलीकडे ती भिंत दिसतच नाही. एकदा फुटाचं मीटर झालं आणि ओतूरच्या एका डॉक्टरचा बंगला शिवनेरीएवढा होऊन बसला. मी हसलो. त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. फार शांततेचा आठवडा होता तो.

पण तिची एक खोड होती आणि तिच्यापायी आमची गिऱ्हाइकं पळायची. ती शेजार काढायची. बंगला कुणाचाही असो, पहिल्यांदा त्या जागेवर जाऊन आजूबाजूला जे असेल ते मोजून आणायची. शेजाऱ्याचा गोठा, पाण्याची टाकी, उकिरडा, विजेची डीपी. मॉडेलमध्ये हे सगळं जायचं आणि तिथून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही जायचं. बाकीचे लोक काय करतात? बंगल्याभोवती हिरवंगार गवत पसरतात, दोन नारळ लावतात, सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळणारी एक गोरी बाई कुत्र्यासकट फिरायला सोडतात, आणि गिऱ्हाईक खूश होतं. हिला ते जमत नव्हतं.

खोडदचा एक बागायतदार आला होता. बेडरूममध्ये हिंडता हिंडता खिडकीशी गेला आणि थबकला.

"ह्यो गोठा कुणाचा?"

"तुमच्या शेजाऱ्याचा," वृषाली म्हणाली.

"त्यो कशाला दावलाय?"

"आहे म्हणून."

"अहो बाई, मी एवढा खर्च करून त्याच्या म्हशी बघत झोपू व्हय? काढा त्यो."

"मी काढून काय उपयोग? त्याने काढला पाहिजे. नाहीतर खिडकी हलवा."

बागायतदार तरातरा जिना उतरून गेला. मी तिला नाही नाही ते बोललो. धंदा कळतो का तुला, लोक स्वप्न विकत घ्यायला येतात, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, चित्रात आपण दाखवू तेवढंच दिसतं. यात माणूस हिंडतो. हिंडणारा माणूस खिडकीशी जाणारच. तिथे मी आभाळ दाखवलं आणि राहायला गेल्यावर गोठा निघाला, तर शिव्या मला पडतात."

बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. उद्धट माणसाचं बरोबर असणं सहन होत नाही.

तिच्या घरचं मला हळूहळू कळत गेलं, तेही तिच्याकडून नव्हे, खाली खत घ्यायला येणाऱ्या निमगावच्या लोकांकडून. बाप चांगदेव. धाकटा चुलता गोकुळ, त्याचा नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा गाळा. वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडेची पुढची जागा चांगदेवाला आली, मागची गोकुळला. चांगदेवाने पुढे कौलारू घर ठेवलं, बाजूला पत्रा टाकून शेळ्या बांधल्या. गोकुळकडे पैसा आला तशी त्याला ती पुढची जागा खुपायला लागली. मागे बंगला बांधायचा आणि तोंडासमोर भावाची कौलं आणि शेळ्या, हे त्याला कसं चालावं? दुसरीकडची जमीन घे आणि ही सोड, म्हणून तो चांगदेवाच्या मागे लागला. चांगदेव हटला नाही. दोघांत बोलणं बंद झालं.

आता यात गुंता असा की वृषालीला माणसात आणली ती त्या गोकुळनेच. बारावी झाल्यावर बाप तिचं लग्न उरकायला निघाला होता. गोकुळने तिला उचललं आणि पुण्यात नेऊन शिकायला ठेवलं. बाप ते कधी विसरला नाही. शिकून आल्यावर ती बापाच्याच घरात राहायची, त्याच्याच चुलीवरचं जेवायची, पण तो तिच्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असलं तर बायकोला म्हणायचा, "सांग तुझ्या गोकुळच्या पोरीला." स्वतःच्या मुलीला. हा माणूस मला न भेटताच आवडेनासा झाला होता.

आणि मग गोकुळ आमच्या ऑफिसात आला. बंगला बांधायचा होता. नकाशा मी काढायचा, थ्रीडी वृषालीने. मुलगा सार्थक, त्याचं लग्न चाकणकडच्या एका बड्या घरात ठरलं होतं. भूमिपूजनाला ते सोयरे येणार, त्यांना मोठ्या स्क्रीनवर बंगल्यात हिंडवून आणायचं, असा त्याचा बेत होता.

"नाना, मी शेजार काढते," वृषालीने त्याला तेव्हाच सांगितलं. "आण्णांचं घर त्यात येणार."

"येऊ दे की," गोकुळ हसून म्हणाला. "माझ्या भावाचंच घर हाय."

टोमॅटोच्या लिलावात माणूस असंच हसतो. मी तिला म्हणालो, हे काम घेऊ नकोस. ती म्हणाली, तुम्ही नकाशा काढताय ना, मग मला कोण सांगणारे तुम्ही.

काम चालू असताना एका दुपारी तिची आई आली, सरूबाई. चपला दाराबाहेर काढून, खुर्चीच्या टोकावर बसली. तिचं म्हणणं सरळ होतं. भूमिपूजनाला पहिली कुदळ थोरल्या भावाची, हा त्यांच्या भावकीतला मान. बोलणं बंद असलं, कोर्टकचेरी चालू असली तरी मान सुटत नाही. थोरला जिवंत असताना त्याने कुदळ मारल्याशिवाय धाकट्याने पाया खणायचा नाही. पण चांगदेव म्हणत होता, मी पाऊल ठेवणार नाही.

"ते म्हणत्यात, गोकुळनं आमचं घर मनातनं कवाच पाडलंय," सरूबाई म्हणाली. "तुझ्या त्या पिच्चरमदी आमचं घर हाय ना, वृषे?"

वृषालीने स्क्रीन तिच्याकडे वळवला. रस्त्याकडून आत जाताना पहिलं लागलं ते चांगदेवाचं घर. कौलं, तुळस, भिंतीला टेकवलेली शिडी, शेळ्यांचा पत्रा. मागे गोकुळचा काचेचा बंगला. तिने आईला अंगणातून फिरवून दारापर्यंत नेलं. सरूबाई पुढे वाकून पत्र्याखाली बघू लागली.

"शेळ्या न्हाईत," ती म्हणाली.

"शेळ्या मिळत नाहीत त्यात. गोऱ्या बायका मिळतात."

"ऱ्हाऊ दे मग. मी सांगते त्यांना. सगळ्या भावकीम्होरं, पावण्यांम्होरं आपलं घर दिसणार म्हणलं की येतील. दिसंल ना?"

"दिसेल."

"बघ बरं. मी शबूद देतीया त्यांना."

"आई, दिसेल म्हटलं ना!" वृषाली खेकसली. आईवरही खेकसायची ती. पण शब्द तिने दिला होता, आणि त्या शब्दावर बाप येणार होता.

भूमिपूजनाला मी गेलो, कारण नकाशा माझा होता आणि जेवण चांगलं असणार होतं. मागच्या जागेत मांडव, खुर्च्या, एका बाजूला डीजेवाल्याकडून आणलेला भला मोठा स्क्रीन. समोर चांगदेवाचं घर पाठ फिरवून उभं. सोयरे यायचे होते. गोकुळ म्हणाला, एकदा मला दाखव. वृषालीने लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर रस्ता आला, मग चांगदेवाचं घर. ते एवढ्या मोठ्या पडद्यावर फारच मोठं दिसलं. एकेक कौल मोजता येत होतं. बंगला त्याच्यामागे लपला होता.

गोकुळचा चेहरा बदलला. "हे काढ."

"नाना, तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणलो व्हतो. आता काढ म्हणतोय. सोयऱ्यांना मी सांगितलंय, म्होरं सगळी बाग हुणार. शेळ्यांचा पत्रा दावू व्हय त्यांना?"

"काढता येत नाही. मूळ मॉडेल ऑफिसच्या मशीनवर आहे. इथे फक्त एक्सपोर्ट केलेलं आहे, ते सगळं एकसंध आलंय. यातून एकटं घर उचलता येत नाही."

"मग झाक."

तिने नजर लॅपटॉपकडे वळवली. झाकता येत होतं. घर उचलता येत नसलं तरी कौलाला, भिंतीला, पत्र्याला जो रंग दिलेला असतो तो बदलता येतो, आणि त्यात एक प्रकार पार अदृश्य असतो. गोकुळला हे कळत नव्हतं, पण तिचा चेहरा त्याला वाचता येत होता. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बापानं तुला चुलीम्होरं बसवली असती. मी कदी काय मागितलंय का तुझ्याकडं? आज पयल्यांदा मागतोय."

मी तिथेच उभा होतो. मी म्हणालो, "वृषाली, नको करूस." माझं ऐकायची सवय तिला नव्हतीच. ती खाली बसली आणि एकेक वस्तू पुसत गेली. कौलं गेली. भिंती गेल्या. दार गेलं. शिडी, पत्रा, तुळस. खाली गवत पसरलं. शेवटी तिने सूर्य डोक्यावर आणला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सावली राहते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "वस्तू दिसेनाशी होते, पण सावली पडते तिची. सगळ्याच सावल्या बंद केल्या तर बंगला कागदाचा दिसेल. बारा वाजता ठेवलं की सावली पायाखाली राहते, गवतात कळत नाही."

मला गोकुळचा राग आला, पण तिचा त्याहून जास्त आला. परक्या माणसाचा गोठा झाकणार नाही म्हणून गिऱ्हाईक घालवणारी ही बाई, आणि स्वतःच्या बापाचं घर मात्र हिने तुळशीसकट पुसलं. मी तसं तिला म्हणालोही. ती गवत सारखं करत राहिली. 

सोयरे आले, नारळ-टॉवेल झाले. मग चांगदेव आला. मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. धुतलेला सदरा, कडक टोपी, दाढी केलेली. मागे सरूबाई. भावकीतल्या लोकांनी उठून त्याला पुढची खुर्ची दिली. गोकुळने वाकून नमस्कार केला, त्याने तोंड वळवलं. हळदीकुंकू लावलेली कुदळ पुढ्यात ठेवली होती. भटजी म्हणाले, मुहूर्ताला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात बंगला बघून घेऊ, गोकुळ म्हणाला.

स्क्रीनवर रस्ता आला. मग हिरवंगार गवत. मग बंगला, दिमाखात.

सोयरे मंडळी वा वा करू लागली. मी चांगदेवाकडे बघत होतो. त्याने मान वळवून समोरचं आपलं खरं घर पाहिलं, मग पुन्हा स्क्रीन पाहिला. सरूबाई वृषालीकडे बघत होती. वृषाली लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून बसली होती. आतल्या खोल्या झाल्या, जिना झाला, गच्ची झाली. मला वाटलं, निभावलं. बापलेकीचं जे व्हायचं ते घरी होईल.

नवरीचा मामा की काका कुणीतरी होता, तो म्हणाला, "संध्याकाळचं कसं दिसतंय वो? लाइटिंग बिइटिंग?"

"दावतो की!" गोकुळ उठला. वृषाली म्हणाली, "नाना, थांबा, मी करते." पण त्याला सोयऱ्यांसमोर स्वतः चालवून दाखवायचं होतं. त्याने माऊस तिच्या हातातून ओढून घेतला आणि सूर्य पश्चिमेला सरकवला.

गवतावर एक काळी पट्टी उमटली. लांबत गेली. तिला आढं फुटलं, उतार फुटला, बाजूला पत्र्याची सरळ कड आली, शिडीच्या पायऱ्या आल्या. ती सगळी सावली रिकाम्या गवतावरून सरकत बंगल्याच्या काचेवर चढली. जागेवर घर नाही आणि घराची सावली पडलेली. सोयरे एकमेकांकडे बघू लागले, हे काय म्हणून. भावकीला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज संध्याकाळी ती सावली बघतच ते मोठे झाले होते.

"अगं बया!" कोंडाबाई नावाची भावकीतली म्हातारी मोठ्याने म्हणाली. "ही तर चांगदेवाच्या घराची सावली! त्यो बघा शेळ्यांचा पत्रा!"

मागून कुणीतरी खदाखदा हसलं. गोकुळ घाबरला, सूर्य मागे घ्यायला गेला आणि आणखी मावळतीला नेला. सावलीने अख्खा बंगला गिळला.

चांगदेव उठला. तो लॅपटॉपपाशी आला, आणि किती वर्षांनी कोण जाणे, तिच्याशी थेट बोलला.

"तू पुसलं?"

"हो," वृषाली म्हणाली. "नानांनी सांगितलं. मी पुसलं."

"मंग सावली कशापाई ठेवली? ती बी पुस."

"ती जात नाही, आण्णा."

"दादा, आरं निस्तं चित्र हाय ते," गोकुळ मधे पडला. "एवढं काय मनावर घ्यायचं?"

चांगदेवाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढ्यातली कुदळ उचलली, हळदीकुंकवासकट खांद्यावर टाकली आणि चालू लागला. लोकांना आधी वाटलं, पायाच्या जागेकडे निघाला. तो पायाच्या जागेवरून तसाच पुढे गेला, अंगण ओलांडलं आणि कुदळ घेऊन आपल्या घरात शिरला. थोरल्याचा मान त्याने नाकारला नव्हता, घरी नेला होता. आता त्याच्याशिवाय कुदळ मारायची कुणाची टाप नव्हती. भटजी घड्याळ बघत बसले आणि मुहूर्त निघून गेला. सोयरे जेवले, पण भरभर जेवले. मीही जेवलो. बासुंदी चांगली होती, पण दुसरी वाटी मागितली नाही.

गोकुळने वृषालीला सगळ्यांदेखत काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शिकवलेलं काढलं, खाल्लेलं काढलं, बापाशी संगनमत करून मुद्दाम सावली ठेवली म्हणाला. ती वायर गुंडाळत होती. "मुद्दाम असती तर मी आधीच संध्याकाळ केली असती," एवढंच म्हणाली आणि घराकडे निघाली. का कोण जाणे, मीही तिच्यामागे गेलो.

दार बंद होतं. तिने कडी वाजवली. आतून चांगदेवाचा आवाज आला.

"हितं घर न्हाई. गवत हाय. तूच दावलं सगळ्यास्नी."

"आण्णा, दार उघडा."

"गवताला कुटलं दार?"

आत सरूबाई रडत होती, ते ऐकू येत होतं. दार उघडलं नाही. वृषाली लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली, मग मला म्हणाली, "तुम्ही काय बघताय? गाडी काढा."

नारायणगावात तिने एक खोली घेतली. आई कधी बाजाराच्या दिवशी चोरून भेटून जायची. गोकुळने नकाशाचं आणि थ्रीडीचं काम आमच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, दुसरा मुहूर्त धरला आणि कुदळ स्वतःच मारली. भावकीतले निम्मे लोक आले नाहीत म्हणतात. वृषाली आधी कडू होती, आता तिच्याशी बोलणंच नको झालं. गिऱ्हाइकांशी भांडायची, खालच्या दुकानदाराशी भांडायची, माझ्याशी तर भांडायचीच. शेजार मात्र पहिल्यासारखाच काढायची, उलट जास्तच. एका पतसंस्थेच्या इमारतीसाठी तिने समोरच्या वडापावच्या गाडीवरचं छप्परसुद्धा मोजून आणलं.

मग एका सकाळी जिन्यात पावलं वाजली आणि दारात चांगदेव उभा. तीच टोपी. आत आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला. वृषालीची खुर्ची तिथून चार हातांवर, पण त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

"सायेब, माज्या घराचा नकाशा काडून पायजे. गोकुळनं सरकारी मोजणी लावलीया. आमच्याकडं बी कायतरी कागूद पायजे."

मी सरळ वृषालीकडे बोट दाखवलं. तिच्याकडे त्या घराचं प्रत्येक माप होतं. दाराची उंची, कौलाचा उतार, पत्र्याची रुंदी, सगळं त्या धुडात जसंच्या तसं होतं. बटण दाबलं असतं तर नकाशा तिथल्या तिथे छापून हातात मिळाला असता. आणि नारायणगावात नकाशे काढणारे गल्लोगल्ली आहेत, हे चांगदेवालाही माहीत होतंच. तो या जिन्यावर आला होता.

वृषालीने स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत.

"सर, त्यांना सांगा," ती म्हणाली, "मापं घ्यावी लागतील. घरात यावं लागेल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. एवढी खोटारडी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

चांगदेवाने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. पंखा घोंघावत होता.

"तिला सांगा," तो मला म्हणाला, "यायचं तर ये म्हणावं. मोजून झालं की निघायचं."

"त्यांना सांगा, लई वेळ लागेल. कोपरान् कोपरा मोजावा लागतो."

"लागू दे म्हणावं."

आणि तो जिना उतरून खाली जाऊन उभा राहिला. वृषालीने ड्रॉवर उघडला. लेझरचं मोजायचं यंत्र तिच्याकडे आहे, या भिंतीला टेकवलं की त्या भिंतीपर्यंतचं माप आपोआप दाखवतं. एकटं माणूस घटकाभरात अख्खं घर मोजतं त्याने. ते तिने ड्रॉवरमध्येच ठेवलं आणि माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला जुना कापडी टेप काढून घेतला.

"तो कशाला?" मी ओरडलो. "त्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं."

"माहितीये," ती म्हणाली आणि गेली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिची नारायणगावची खोली रिकामी आहे. रोज सकाळी ती निमगावच्या एसटीने येते, कपाळावर तीच आठी, आणि आल्या आल्या कशावरून तरी माझ्याशी भांडते. टेप अजून परत आलेला नाही. मीही मागितलेला नाही.